अभ्यंगाचा धडा

आई, सोमवारी भर वर्गात एका मुलीने मला तुझ्याबद्दल विचारलं. सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता साताऱ्याला मिशनच्या शाळेत तिसरीला शिकवते. तुझ्यामागे अण्णांनी मला एकट्याने वाढवलं; बी.ए. झाले तेव्हा त्यांनी मिरजेच्या स्टेशनवर ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले. मलाही वाटलं होतं, मुलांना मी काहीही समजावून देऊ शकेन.

उद्या शनिवारी मुलांचं पहिलं पापनिवेदन आहे, फादरपुढे आपली पापं सांगायची. म्हणून सोमवारी बरं करणारे दोन्ही संस्कार मी एकत्र घेतले: पापनिवेदनाने मन बरं होतं, फादर तेल लावून प्रार्थना करतात त्या अभ्यंगाने आजाऱ्याला बळ मिळतं. फळ्यावर ‘शेवटचा अभ्यंग’ लिहिलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, दिवाळीच्या अंगुळीचा अभ्यंग? मग उटणं कोन लावतंय, फादर?” वर्ग हसला, मीही हसले. पहिल्या ओळीतली एक मुलगी मात्र हसली नाही. तिची आई तीन आठवडे तापाने पडून आहे. ती म्हणाली, “आमच्या आज्याला फादरनी त्याल लावलं न् सांजच्याला आजा गेला. आईला न्हाई लावू द्यायची मी. दार लावून घेनार.”

आई, मीही तेव्हा ‘शेवटचा’ एवढाच शब्द ऐकला होता. तू म्हणालीस, “जा बाळ, फादरना बोलावून आण.” रुळांपलीकडच्या फादरच्या देवळापर्यंत मी गेलेच नाही; तेल लावलं की तू जाशील, असं वाटलं. कोळशाच्या ढिगामागे बसून राहिले, एक मालगाडी जाऊ दिली आणि घरी येऊन सांगितलं, “फादर सांगलीला गेलेत.” तू माझ्या परकरावरच्या काळ्या डागांकडे पाहतेस, “बरं” म्हणतेस, आणि कूस बदलतेस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

त्या मुलीला म्हटलं, “अगं, तेलाने कुणी मरत नाही. माझ्या आईला तेल लावलं नव्हतं, तरी ती गेलीच.”

“का न्हाई लावलं, बाई?”

“फादर गावात नव्हते.”

हातात खडू, फळ्यावर पापनिवेदनाच्या पायऱ्या, आणि तेच खोटं, तितक्याच पटकन. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळी स्वतः जाऊन फादरना घरी घेऊन गेली. चार दिवस झाले, ताप उतरलेला नाही. हजेरी घेताना तिच्या नावाशी मी मान वर करत नाही. आज तिने जवळ येऊन विचारलं, “बाई, तेलाला किती दिस लागत्यात वो?” तेल म्हणजे औषध नव्हे, हे मला पाठ आहे. पण तिच्या तोंडाकडे बघून ते म्हणवलं नाही. तिची आई गेली, तर ती पोर तेलाला दोष देईल, की मला?

उद्या मुलांच्या रांगेत मीही उभी राहणार आहे. चौदा वर्षं हे पाप मी कुणापुढे बोललेले नाही. उद्या बोलेन, बहुतेक. देव क्षमा करील याबद्दल मला शंका नाही, मुलांना मी तेच शिकवते. भीती तुझी वाटते. हे पत्र वहीतच राहील. मिरजेला आले तरी तुझ्या कबरीवर मी एकटी येत नाही, आई. अण्णांना बरोबर घेऊनच येते.