पाहुण्यांसाठी भरलेलं तळं

आणे, ता. जुन्नर
दि. ११ मे

प्रिय मित्र जिनेश यास,

आणे पठारावरून दादाभाऊचा रामराम, सौ. जागृतीवहिनींना जय जिनेंद्र आणि चि. संयमला अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आळेफाट्यावर तुझ्या पुतण्याकडून समजलं आणि जीव भांड्यात पडला. मांडी घालून बसता येतं का ते कळव. नसेल येत तर मनाला लावून घेऊ नकोस, तुमच्या देशात सगळं खुर्चीवरच चालतं. आमच्याकडे मात्र पंगतीला टेबल मागितलं की माणूस म्हाताऱ्यांत जमा होतो, आणि मी दोन वर्षांपासून तिथे जमा आहे. बाकी इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य रीतीप्रमाणे लिहिलंय. आपल्या आयांनी असल्या पत्रांत घर पडल्याची बातमीसुद्धा खुशालीच्या नंतरच लिहिली.) फोन असताना हा बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी 'आवाज येतोय का' विचारतोस, त्यात निम्मा वेळ जातो, आणि शिवाय फोनवर मला कंस टाकता येत नाहीत. काही मागायचं म्हणून हे पत्र नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

तुला वरची वाडी आठवत असेलच. शाळेच्या मागच्या टेकाडावरची बारा घरं. तिथली कुशी आपल्या वर्गात होती, पाढे म्हणताना सतराच्या पाढ्याला डोळे मिटायची ती. ती आता कुशाबाई झाली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा भोसरीला कंपनीत आहे. तो दर रविवारी फोन करतो, "आये, हितं नळ हाय, ये की," आणि ही दर रविवारी "बघू" म्हणते. उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून दोन हंडे घेऊन ते टेकाड चढायचं, या वयात, म्हणजे काय ते तुझ्या गुडघ्याला विचार. यंदा मात्र तिने निक्षून सांगितलं की वाडीचं तळं मंजूर झालं तर राहीन, नाही झालं तर कुलूप लावून जाईन. आणि ते तळं मंजूर करायचं कोणी, तर तुझ्या देशाने. (देशाचं नाव मी पाकिटावरच लिहितो, बोलताना माझी जीभ वळत नाही. निवृत्त इंग्रजी शिक्षकाने हे कबूल करू नये, पण तुझ्यापुढे कसली लाज.)

थोडं मागचं सांगतो. तुझ्या देशाचं सरकार दरवर्षी थोडा पैसा बाहेरच्या देशांसाठी काढून ठेवतं. कुठे दुष्काळ पडला, कुठे पूर आला, कुठे पावसाचं तंत्र बिघडलं, त्यासाठी. चार वर्षांपूर्वी त्यातूनच गावाखालचं छोटं दगडी तळं झालं. त्या योजनेचं नाव इतकं लांब आहे की पाटी लावायला दोन खांब कमी पडले, मग तिसरा पुरला. नाव राहू दे, पण काम चोख झालं. पूर्वी आपल्याकडे पाऊस चार महिने रखडत का होईना पडायचा. आता एका दुपारी सगळा पडून ओढ्याने निघून जातो आणि पुढे महिनाभर तोंड दाखवत नाही. तो या तळ्यात थोडा थांबायला लागला, आणि दिवाळीला तळ दाखवणाऱ्या विहिरी शिमग्यापर्यंत टिकायला लागल्या. वरच्या वाडीला दुसरं, मोठं तळं व्हायचंय. पण त्यासाठी तुमच्या सरकारला बाहेरच्या मदतीचं बजेट वाढवावं लागेल, आणि त्यावरून तुमच्या संसदेत दोन तट पडलेत. एक म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो आधी घरचं बघा. म्हणून तिथल्या एक खासदारबाई स्वतः गरज बघायला येणार, असं एप्रिलमध्ये योजनेच्या पुण्याच्या ऑफिसातून कळलं.

जिन्या, परदेशातली मदत म्हटलं की मला आजही आधी वास येतो. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी, तो परदेशी पिठाचा गोड भुगा! तुझ्या वडिलांचं, धरमचंदशेठचं दुकान तेव्हा अजून आण्यातच होतं, फाट्यावर गेलं नव्हतं. मोठी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला, आणि आपण पोरं दुपारी तिथे घुटमळायला. कामावर असलेल्यांच्या पोरांना सुकडी मिळायची. कुशीची आई कामावर होती म्हणून कुशीला हक्काने, माझा बाप कामावर होता म्हणून मला हक्काने, आणि तू शेठचा पोरगा, तुला हक्क नाही म्हणून तू आईच्या, कंचनमावशींच्या बरणीतली पेपरमिंटं खिशात घालून उभा. कुशी एका पेपरमिंटाला एक मूठ सुकडी द्यायची आणि मूठ नेहमी तिची वापरायची. (तुझी मूठ मोठी होती हे तिने तेव्हाच हेरलं होतं.) आणि ती परदेशातली लाल ज्वारी, मिलो! भाकरी थापली की चिरायची, माझी आजी तिला शिव्या द्यायची आणि रडत रडत तीच खायची. एकदा कवठेकर गुरुजींनी सगळ्या वर्गाकडून त्या धान्य पाठवणाऱ्यांना आभाराचं पत्र लिहून घेतलं होतं. पण वह्या कोणाकडे होत्या? पाट्यांवर लिहिलं. पाटी पोस्टात टाकता येईना, मग दुसऱ्या दिवशी गणिताला पुसली. ज्यांनी पाठवलं ते आपल्याला कधी ओळखत नव्हते, आपण त्यांना नाही, आणि तरी त्या वर्षी आपण जगलो. मला ते दिवस वाईट म्हणून आठवतच नाहीत रे. म्हातारपणी बुद्धी फिरते ती अशी.

असो. पाहुणे येणार म्हटल्यावर मीटिंग बसली. यात्रा कमिटीचे अध्यक्ष हौशीरामतात्या (वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा) उभे राहिले आणि म्हणाले, "पावणं सातासमुद्रापल्याडनं येणार, आन त्यांनीच बांधून दिल्यालं तळं आपण त्यास्नी कोरडं दावायचं? मास्तर, लई वंगाळ दिसंल." सगळ्या सभेने मान डोलावली. मीसुद्धा डोलावली, हे लपवत नाही. पाहुण्याने दिलेलं लुगडं पाहुणा येईल त्या दिवशी अंगावर असलं पाहिजे, ही आपली पहिल्यापासूनची समजूत. मग यात्रेला जशा घरटी भाकऱ्या गोळा होतात, तसं घरटी पाणी गोळा करायचं ठरलं. आदल्या दिवशी गावाचा टँकर आला तो सरळ तळ्यात ओतला. दोघांनी आपली शेततळी उपसून दिली. राहिलेली कसर बायकांनी हंड्यांनी भरली, ओळ धरून, यात्रेच्या उत्साहात, आणि त्यांच्यातल्या मंगलने गाणंसुद्धा म्हटलं. कुशीही वरून दोन हंडे घेऊन उतरली. तिच्या घरात तेवढेच होते. तेच पाणी तिने दोन दिवसांपूर्वी खालून वर नेलं होतं, ते आता वरून खाली आणलं. मी म्हटलं, "अगं, तू कशाला?" तर म्हणाली, "समद्यांनी घातलं, माझं कसं न्हाई?" संध्याकाळपर्यंत तळ्यात कंबरभर पाणी आणि वर गावातल्या धर्माजीची दोन बदकं. (बदकं तात्यांची कल्पना. मी हात जोडले, पण ऐकेल तो तात्या कसला.)

खासदारबाई आल्या. उंच, साध्या, पायात मळके बूट, आणि बरोबर सगळं लिहून घेणारा एक लांबट गृहस्थ. दुभाष्या म्हणून अर्थातच मी. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याचं सार्थक करायचं म्हणून मी कोट घातला होता, एप्रिलमध्ये. आधी जेवण. मासवडी, बाजरीची भाकरी, आमटी, पुरणपोळी, तीन तऱ्हेच्या चटण्या, आणि आग्रह असा की लांबट गृहस्थांच्या वहीवर तुपाचा डाग पडला. मासवडी खाताना मला तुझ्या आईची आठवण झाली. कांदा-लसूण न घालता कंचनमावशी तीळखोबऱ्याची करायच्या, तशी पुन्हा कुठे मिळाली नाही. डोळ्यांत पाणी आलं, तर बाईंना वाटलं तिखट लागलं, त्यांनी मलाच पाणी पुढे केलं.

मग त्या मुद्द्यावर आल्या. गावाला कशाची कमी आहे, असं त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या छाती फुगवून म्हणाले, "द्येवाच्या कृपेनं कशाचीच कमी न्हाई. तुमी आलात, समदं मिळालं." आणि मी मूर्खाने त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं. व्याकरणाची एक चूक नाही. मग त्यांनी कुशीला विचारलं, पाणी किती लांबून आणावं लागतं? कुशीने पदर सावरला आणि म्हणाली, "हितंच की, दोन पावलांवं." मी तिच्याकडे बघितलं, तिने डोळ्यांनीच दटावलं, आणि मी म्हटलं, दोन पावलं. लांबट गृहस्थांनी दोनचा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. नंतर मी कुशीवर भडकलो, तर मलाच म्हणते, "जेवत्या पावण्याम्होरं काय रडगाणं लावायचं, मास्तर? त्यास्नी घास गोड लागंल का?" पाहुणे गेल्यावर बायका हंडे घेऊन पाणी परत न्यायला गेल्या, पण तळ तापलेला, कडेच्या भेगांनी बरंचसं पिऊन टाकलं होतं. उरलेलं गढूळ पाणी वाटून घेतलं. पुढे तीन दिवस गावात कोणी आंघोळ केली नाही आणि बदकं रुसून धर्माजीच्या गोठ्यात बसली.

दहा दिवसांनी पुण्याहून कागद आला. आण्याचं नाव तुमच्या संसदेत निघालं! तात्यांनी एवढं ऐकून फाट्यावरून पेढे मागवले, वाजंत्री सांगितली, आणि माझ्या तोंडात पेढा असताना मी पुढचं वाचलं. नाव निघालं होतं ते बजेट वाढवू नये म्हणणाऱ्यांच्या भाषणात. भरलेल्या तळ्याचा फोटो दाखवून (बदकांसकट) एका गृहस्थांनी सांगितलं की तिथली माणसं स्वतःच म्हणतात, आम्हाला कशाचीच कमी नाही, पाणी दोन पावलांवर आहे, मग वाढवायचं कशाला? बिचाऱ्या बाई आमच्याच बाजूच्या होत्या, पण दोनचा आकडा त्यांच्याच माणसाच्या वहीतला. आणि हे एकट्या आण्याचं नाही, जिनेश. त्याच बजेटातून कुठल्या कुठल्या गावांना धान्य, तंबू, औषधं जायची आहेत. त्या लोकांनी आम्हाला काय घोडं मारलं होतं? तो पेढा मला अजून गिळवत नाही. तात्या तर दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला की सदर परदेशाने आपलं बजेट वाढवावं. एकमताने पास. ग्रामसेवक गोरख म्हणाला, परक्या देशाच्या बजेटसाठी कॉम्प्युटरात रकाना नाही, म्हणून त्याने तो 'किरकोळ' खाली भरला.

तर अशी इकडची हकिकत. तुला हसू यावं म्हणून लिहिली. वहिनींना सांग, गुडघ्यावर जास्त भार देऊ देऊ नका. थंडीला जप.

तुझा बाकावरचा जोडीदार,
दादाभाऊ

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. बजेटवरचं संसदेतलं मतदान पुढच्या महिन्यात आहे. तू तिथला नागरिक आहेस, मत देतोस, कर भरतोस, तुझ्या भागाच्या खासदाराने तुझं ऐकलं पाहिजे. काठी टेकत का होईना, पण जा. त्याला सांग की तळं आम्ही हातांनी भरलं होतं. लाज वाटू देऊ नकोस, माझं नाव घे, दुभाष्या गाढव होता म्हण. पाहुण्याला 'काही कमी नाही' म्हणतात ते त्याचा मान म्हणून, ते पाण्याचं मोजमाप नसतं, एवढं त्याला नीट समजावून सांग.

दुसरी ता. क. बदकांबद्दल विचारलं तर ती आमचीच होती म्हण. तात्यांची तेवढी इच्छा आहे.

तिसरी ता. क. (दि. १३ मे) पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलंय. कुशी आज सकाळी गेली, मतदानाची वाट न बघता. मुलगा टेम्पो घेऊन आला होता, पण सामान टेम्पोभर निघालंच नाही. दोन्ही हंडे घासून, पालथे घालून ठेवून गेली, म्हणाली, तिथे नळ आहे. घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तळं झालं की कळवा मास्तर, मी लगीच येती." मी 'हो' म्हटलं, आणि टेम्पो वळेपर्यंत हसत उभा राहिलो. वाडीत आता अकरा घरं आहेत. तिचा भोसरीचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. संसदेत काय झालं ते मला कळवू नकोस, जिन्या, तिला कळव. तिला वाचता येतं.