कानात सांगायचं उत्तर

रविवार, १४ जानेवारी १९७३, सकाळी सव्वादहा. याच वेळी छोट्या रूथने माझ्यादेखत सुलोचनाबाईंच्या कानात उत्तर सांगितलं.

कोड्याचं उत्तर बाईंच्या कानात सांगायचं, म्हणजे बाकीच्या मुलांचा विरस होत नाही, ही चर्चच्या संडे स्कूलमधली माझी रीत. मी निवृत्त झाले आणि कान त्या नव्या बाईचा! वर ती मुलांनाच कोडी लिहायला लावते. रूथने स्वतःही एक लिहिलंय, "तोंडात विस्तव, डोक्यावर भाकरी, तरी उपाशी." चूल! मला लगेच सुटलं, पण विचारतंय कोण? कोडं चांगलं आहे, तेच खुपतं. माझ्या वर्गात हिने एकही का नाही लिहिलं?

सुलोचनाबाई हसून म्हणतात, "मावशी, तुम्ही आता आराम करा की!" आराम? मेल्यावर करीन.

पाळकसाहेबांना उद्याच चिठ्ठी: कोड्यांचा तास माझा की तिचा? शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं.