आबांचा पहिला मासा

कॅनडा, जून २००३

आईस बुद्धभूषणचा जयभीम.

मी बरा हाय, वेळेवर जेवतोय. आबांच्या मातीला येता आलं न्हाय, ते तेवढं मनातनं जात न्हाय.

काल कामावरच्या एकानं मला मोठ्या तळ्यावर नेलतं. पलीकडचा काठच दिसत न्हाय! हितं आबांगत गळ टाकून बसत न्हाईत. बोट चालत्या माणसापेक्षा हळू सोडायची आन् मागनं गळ ओढत न्यायचा. बोट वळताना मला एक मासा लागला, दुधी डोळ्यांचा.

आबा पहिला मासा शेजारच्या तानूबाईला द्यायचं की. म्हणून मीबी शेजारचं दार वाजवलं. बाईनं काचेतनं बघितलं, पण दार उघडलं न्हाय.

तुझं गुडघं कसं हायत? आन् तानूबाईला आता मासा कोण देतंय?

तुझा,
बुद्धभूषण