हुंबाड्या कुणाचा?

कोल्हापूर, रविवार, संध्याकाळ

भाची मुक्ता तिने स्वतः रचलेला खेळ दाखवायला आली. प्रत्येकाने जादूगार, योद्धा असं एकेक पात्र होऊन राक्षसांशी लढायचं. मी सवयीप्रमाणे चुका काढायला बसले. तिच्या नियमांच्या वहीच्या शेवटच्या पानावर थांबले. नियम कुठल्या खेळावरून सुचले, नकाशा कुणाचा, सगळं लिहिलेलं. एका चित्रकाराने नकार कळवला, म्हणून त्याचं चित्र काढून टाकलेलं. आणि खाली: ‘हुंबाड्या राक्षस, मावशीकडून साभार.’

साभार! कॉलेजात असताना माझ्या कथा मासिकांकडून ‘साभार परत’ येत. नुसतं ‘साभार’ आज पहिल्यांदा.

“अगं, तुला दूध पाजायला मारलेली थाप होती ती!”

“थाप तुझीच हाय की, मावशी. तू न्हाय म्हणालीस तर हुंबाड्या काढणार. मग त्याच्याभोवतीचा सगळा खेळ नव्यानं रचायला लागंल.”

माझ्या एका ‘नाही’साठी एवढी मेहनत मोडायला तयार? हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही.

परवानगी दिली. फक्त ‘मावशी’ खोडून माझं पूर्ण नाव घालायला लावलं.