दोघींच्या सहीचं घर

भांगरवाडी, लोणावळा
शुक्रवार

प्रिय समीक्षा,

आधी एवढंच ऐक, तुझी खोली आहे तशीच आहे. कॉट खिडकीपाशी, तुझं हॉटेलातल्या कामाचं ओळखपत्र खिळ्याला, आणि गादी मी एक दिवसाआड उलटते. इथली ओल तुला माहीतच आहे, चपलांनासुद्धा मिशा फुटतात. स्वयंपाकघर पुसायची पाळी तुझी होती, तीही मीच करते. आलीस की व्याजासकट वसूल करीन, सुटशील असं समजू नकोस.

गौरीला सून घरात हवी म्हणून दोन दिवसांसाठी सासरी, टाकव्याला गेलीस. गौरी गेल्या, पितृपक्ष लागला, तू नाहीस. आणि रिकामी खोली मालकाच्या डोळ्यांत खुपायला लागली. बाजीराव तसा वाईट माणूस नव्हे, माझ्या आजारपणात त्याच्याच बायकोने मऊभात आणून दिला होता. पण शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरायला लागल्यापासून त्याला भाडेकरू म्हणजे पायात घोटाळणारं मांजर वाटतं. पहिल्यांदा गोडीत आला. म्हणाला, "मावशी, ती पोरगी काय परत येत न्हाई. खोली सोडली म्हणून दोघींच्या वतीनं तुमी सही करा. तुमाला मी काढणार न्हाई, मरेस्तोवर राहा." मी म्हटलं, मरायचा मुहूर्त निघाला की कळवते. दुसऱ्या दिवसापासून टाकीचा कॉक बंद. आता पाणी मी समोरच्या मानसीकडून कळशीने आणते. कंबर बोलते, पण ऐकतंय कोण!

तुला आठवतं, करार करताना त्याला एकच नाव घालायचं होतं, माझं. मीच हटून बसले होते. एकीच्या नावावर घर असलं की दुसरी पाहुणी होते, आणि पाहुणीला कुणीही ऊठ म्हणू शकतं. तू तेव्हा एका पिशवीनिशी आली होतीस. मनगटावर बांगड्यांच्या जागी जे निळं-काळं होतं ते मी पाहिलं होतं, विचारलं नव्हतं. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील म्हटलं. तू सही केलीस आणि कागदावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवत राहिलीस, तेव्हा मला काय ते कळलं.

माझं शिक्षण म्हणजे वाण्याच्या पुड्या वाचून झालेलं, म्हणून तो करार घेऊन वडगावला गेले. कोर्टासमोर अरुंधतीताई म्हणून वकीलबाई बसतात. त्या म्हणाल्या, शिमग्यापर्यंत कराराची मुदत आहे, तोवर कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी तुमचं सामान बाहेर काढू शकत नाही, पाणी तोडू शकत नाही. आणि एकीचा हक्क दुसरी सोडून देऊ शकत नाही. मी खूश झाले, तर बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जबाबदारीही दोघींची बरं का! घराचं काही बिघडलं, किल्ली भलत्याच्या हाती गेली, तर एकीचं दुसरीला निस्तरावं लागतं." तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

तू इथेच राहतेस असं दिसत राहावं म्हणून मला एक युक्ती सुचली. बाजीराव सकाळी गॅलरीत दात घासतो तेव्हा त्याची नजर आपल्या दोरीवर असते. म्हणून मी रोज तुझा एक ड्रेस धुऊन वाळत घालते. आज पिवळा, उद्या जांभळा. पिवळ्याचा रंग पार गेला, भरून देईन. चार दिवस तो गप्प बसला. मीही मनात म्हटलं, माधवी, तू वकीलच व्हायचीस.

मंगळवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि दारात किल्ली फिरली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आलीस का गं?" दारात तू नव्हतीस. तुझा नवरा, प्रितम. मागे बाजीराव. प्रितमने दोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "बायको माझी घरात भाकरी थापतीय. मग हा ड्रेस कोण घालतंय, म्हातारे?" मी म्हटलं, मी घालते, तुला काय अडचण? बाजीरावला फिसकन हसू आलं. प्रितम हसला नाही. तो सरळ तुझ्या खोलीत शिरला आणि वळकटी बांधायला लागला. मी जाऊन तुझ्या कॉटवर बसले. म्हटलं, आता उचल कॉट, माझ्यासकट. तो एक पाऊल पुढे आला तसा बाजीराव घाबरला आणि त्याचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेला. जाताना प्रितम उंबऱ्यातून ओरडला, "सोमवारी तिलाच घिऊन येतो. तीच सांगंल तोंडानं, नको मला खोली म्हणून."

तेव्हापासून एकच गोष्ट मला पोखरते आहे. ती किल्ली. तू आपणहून दिली असशील तर चुकलीस हो, त्या दाराआड मीही राहते. पण त्याने काढून घेतली असेल तर चूक तुझी नाही, आणि मग प्रश्न खोलीचा राहतच नाही.

फोन केला की तोच उचलतो. गेल्या रविवारी मी टाकव्याला येऊन गेले, तुला कळलंही नसेल. सासूबाईंनी दारातच पाण्याचा तांब्या दिला आणि तू झोपलीस म्हणाल्या, टळटळीत दुपारी. म्हणून हे पत्र. तुमच्याकडची धोंडाबाई भाजी घेऊन इथल्या बाजाराला येते, तिच्या हाती देते आहे. ती म्हणाली, "पोरगी लय वाळलीया, मावशी. पाण्याला बी सासूसंगंच येती." वाच आणि चुलीत घाल. सोमवारी तो तुला आणेल, तेव्हा हो म्हण आणि ये. इथे अरुंधतीताई ओट्यावर बसलेल्या असतील, मानसी आणि तिचा नवराही. प्रितमला ओट्याच्या पुढे कुणी येऊ देणार नाही. तुला टाकव्यातच राहायचं असेल तर मला एकटीला तसं सांग, मी त्याच पावली सही करीन, मनात अढी ठेवणार नाही. पण तसं नसेल तर कुणाला काही सांगत बसू नकोस. माझ्याकडेही बघू नकोस. सरळ तुझ्या खोलीत जा आणि आतून कडी लाव. बाहेरचं मी बघते.

तुझीच, पलीकडच्या खोलीतली,
माधवीमावशी