आत्याच्या झग्याखाली

तांबाकुंडा, ३ फेब्रुवारी

ती. कोडू आत्यास,
बिरामचा सलाम. वि. वि. पत्र टाळत होतो, कबूल. आधी शेंगदाण्याच्या ट्रकवर काम मिळालं, मग तो ट्रकच बिघडला, मग ड्रायव्हरचं लग्न निघालं... असो.

लग्नावरून आठवलं, माझ्या बहिणीचं, आपल्या कीनेचं पत्र आलं. म्हणते, माझ्या लग्नाची लगबग आणि आत्याला भोवळ येतेय! दवाखान्यातल्या बाईंनी वजन वाढलं म्हणून तुझी साखरेची गोळी वाढवली म्हणे. अगं, वर्षभर भात कमी करून वजन वाढलं कशानं, वाऱ्यानं?

खरं काय ते कळव. लोभ आहेच, तो वाढू दे, वजन नको.

तुझा भाचा,
बिराम

काओलाक, १२ फेब्रुवारी

चि. बिरामला अनेक आशीर्वाद.
भटक्या, सुचलं एकदाचं! ऐक, कुणाला सांगू नकोस. मी चांगलीच बारीक झालेय. पण मंडईत कुजबुज सुरू झाली. एक म्हणते नवरा उपाशी ठेवतो, दुसरी म्हणते वाळवणारा तो आजार जडला. लग्नात मानाची जागा आत्याची. तिथं काडी बसवायची का? म्हणून झग्याखाली जाड कापडं गुंडाळते. मी आटले की एक वाढवते. दवाखान्यात अर्धी मंडई रांगेत, तेव्हा काट्यावरही तशीच चढते. साखर तपासायच्या पट्ट्या संपल्यात, बाईंचा सगळा भरवसा काट्यावर. लग्न होऊ दे, मग सांगीन. भोवळ आली की गोड चहा पिते.

तू जेवतोस ना? माया पातळ करू नकोस.

तुझी,
कोडू आत्या

तांबाकुंडा, २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सलाम. आधी पोट धरून हसलो, मग घाबरलो. अगं, गोळी तुझ्या पोटात जाते, कापडांच्या नाही! वाढीव गोळीनं साखर फार उतरते, म्हणूनच तर भोवळ येते. मानाच्या जागेवरून कोसळलीस तर कीनेनं बोहल्यावर रडायचं का? उद्या मीच दवाखान्यातल्या बाईंना लिहितो. माझ्यावर चिडशील, चिड. पण तू नसलीस तर...

थांब. रस्त्यावरून कुणी सडपातळ बाई नुसत्या झग्यात, ताठ मानेनं येतेय. भेटेल त्याला ऐकवतेय, आजारीबिजारी काही नाही, भोवळीला कंटाळून सगळी कापडं उतरवून काट्यावर चढले, गोळी निम्मी झाली, आता आळशी भाच्याला कान धरून लग्नाला न्यायला आलेय. चेहरा काही ओळखू येईना.

अरेच्चा! आत्या, तूच की!