ओठावरचा थेंब

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं, पण बेट दिसलं आणि जिवात जीव आला. खाली प्रयोगशाळा नि माशांच्या टाक्या, वर माझी खोली. माणसं तीनच: सर, स्वयंपाकाच्या मावशी आणि मी. मासे असे की बोट लावलं की रुसलेल्या नवऱ्यासारखे फुगून बसतात. त्यांच्या विषापासून दुखणं थांबवणारं औषध करायचंय. ताईच्या चेहऱ्यात कळ येते तेव्हा ती भिंतीवर डोकं आपटते. म्हणून तर ही नोकरी धरली.

सरांनी स्वतः ही वही दिली. अंगाला जे जाणवेल ते रोज लिहायचं. वही संपेपर्यंत ते वाचणार नाहीत, नाहीतर म्हणे मी त्यांना आवडेल तेच लिहीन. खरंय, मी आहेच तशी गोडबोली.

माझ्या खोलीच्या कोपऱ्यात श्वास देणारं यंत्र आहे. त्याच्या वायरीचा प्लग मावशींनी कापून खालच्या मिक्सरला जोडलाय! कोण वापरतंय ते, म्हणाल्या, सरांना सांगू नकोस बाई. नाही सांगत. माझा ओला टॉवेल त्याच्यावर छान वाळतो.

५ तारीख, बुधवार

इथली रीत न्यारी. सकाळी काचेच्या काडीने पातळ केलेल्या विषाचा थेंब ओठाला लावायचा. मुंग्या आल्या की माल चांगला. सर स्वतःही लावतात.

आज त्यांनी समजावलं. मज्जातंतूंना बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत शिरलं की निरोप पुढे धावतो. विष त्या दारातच ठाण मांडतं. मग दुखण्याचाही निरोप नाही आणि हालचालीचाही नाही. जास्त झालं तर छाती हलायची थांबते, डोकं मात्र शेवटपर्यंत जागं. मी म्हटलं, आमच्या आत्या दारात बसल्या की असंच व्हायचं. सर हसले नाहीत.

९ तारीख, रविवार

मावशींनी भांडी घासता घासता सांगितलं. माझ्याआधी एक मुलगी होती. तिलाही वही दिली होती. एक दिवस पडली ती उठलीच नाही. सर उशाशी घड्याळ घेऊन बसले होते. यंत्र त्यानंतर आलं. मावशींनी तिच्यावर चादर ओढली तेव्हा तिच्या डोळ्यातून पाणी ओघळलं. सर म्हणाले, मेल्यावरही येतं. मावशींना ते पटलेलं नाही.

अर्धी रात्र गेली, झोप लागत नाही.

१० तारीख, सोमवार

मावशी बोटीने गेल्या, कायमच्या. माझा हात धरून चल म्हणाल्या. पण ताईच्या औषधाची बाटली पुढच्या बोटीपर्यंत तयार होईल, असं सर म्हणतात. राहिले. चूक केली का?

फोन सरांच्या खोलीत. खोलीला कुलूप.

१३ तारीख, गुरुवार

आजचा थेंब मोठा होता. ओठ हल्ली रोजच बधिर असतात, त्यात काय एवढं. पण आता जीभही — बोटंही. जिना रांगत चढले.

सर आले. दाराला कडी घातली. म्हणाले, मुद्दामच जास्त लावला. आधीच्या मुलीने फार लवकर लिहिणं सोडलं, तू सोडू नकोस. हात थांबला की यंत्र लावतो, तुला काही होऊ देणार नाही —

खरंच म्हणताहेत ते. म्हणूनच तर यंत्राच्या भरवशावर —

बोलायला गेले, नुसती लाळ. वही पुढे सरकवली. न बघता परत दिली. शब्दाचे पक्के. घड्याळाकडे बघताहेत.

पाय गेले. छातीवर कुणी बसलंय. डोकं लख्ख. देवा, डोकं लख्ख —

ताई ग

नाही आधी हे. सर वाचा. वाचा ना. टॉवेल उचला

मिक्सर — प्लग मिक्सरला — यंत्राला प्ल